टीव्ही रेकॉर्डरची हार्ड डिस्क झोपवायची का, आणि किती वेळाने?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. जुन्या डेस्कटॉपमध्ये डीव्हीबी-एस२ कार्ड (उपग्रहाचा टीव्ही सिग्नल घेणारं) टाकलंय, डीडी फ्री डिशची छत्री लावलीय, लिनक्सवर टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम चालतो, रेकॉर्डिंग २ टीबीच्या वेस्टर्न डिजिटल ग्रीन डिस्कवर जातं आणि हॉलमधल्या टीव्हीवर कोडी या प्लेअरमधून बघता. त्रास असे की डिस्क दिवसभर थोड्या थोड्या वेळाने टिक करते, रेकॉर्डिंगची सुरुवात कधी कधी कापली जाते, आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो स्मार्ट रिपोर्ट देते त्यात लोड सायकल काउंट ४ लाखांच्या वर गेलाय. एका मित्राने सांगितलं डिस्क ५ मिनिटांत झोपव, वीज वाचेल, दुसऱ्याने सांगितलं कधीच बंद करू नको, मरेल. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. टीव्ही रेकॉर्डरमध्ये डिस्क किती तास चालू राहते यापेक्षा दिवसातून किती वेळा उठते ते महत्त्वाचं. दिवसाला दोन-चार लांब झोपा मिळाल्या तर डिस्कला काही होत नाही, पण झोपलेल्या माणसाला दर अर्ध्या तासाने हाक मारावी तसं तिला उठवत राहिलं तर बेअरिंग, मोटर आणि हेड तिघांचीही वाट लागते. म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी तिला कोण उठवतंय ते शोधा. टायमर नंतर.

आधी एक गोंधळ मिटवू. पॉवर सेटिंग म्हणून लोक ज्याला म्हणतात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे हेड पार्क होणं, यात प्लेट फिरतच राहते, फक्त वाचणारे-लिहिणारे हेड उचलून बाजूच्या रॅम्पवर ठेवले जातात. तुम्हाला ऐकू येणारी टिक बहुतेक हीच. दुसरी म्हणजे स्पिन डाऊन, म्हणजे मोटरच बंद होते, आणि परत चालू व्हायला ३.५ इंची डिस्कला साधारण ८ ते १५ सेकंद लागतात. स्मार्टमध्ये १९३ नंबर म्हणजे लोड सायकल, तो हेड पार्कचा आकडा. ४ नंबर म्हणजे स्टार्ट-स्टॉप, तो मोटरचा. तुमचा १९३ फुगलाय, ४ नंबरचा आकडा तुम्ही लिहिलाच नाही, तो बघा आधी. तो दोन-तीन हजारात असेल तर स्पिन डाऊन तुमचा प्रॉब्लेमच नाहीये, हेड पार्किंग आहे.

आणि ग्रीन डिस्क म्हटल्यावर हेड पार्किंगच असणार. २००७-०८ पासून या मालिकेत इंटेलिपार्क नावाचा प्रकार आला, डिस्कच्या फर्मवेअरमध्येच टायमर आहे आणि तो बहुतेक मॉडेलवर कंपनीतून ८ सेकंदांवर येतो. ८ सेकंद काही काम नाही आलं की हेड पार्क. विंडोजवर कागदपत्रं, फोटो ठेवायला हे चालून जातं, पण लिनक्सचं लिहिण्याचं गणित वेगळं आहे. लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये धरून ठेवतं आणि साधारण ३० सेकंद जुना झाला की डिस्कवर ढकलतं. म्हणजे काय होतं बघा, अर्ध्या मिनिटाने थोडं लिहायला हेड बाहेर येतात, काम एका सेकंदात संपतं, ८ सेकंद वाट बघून परत पार्क, मग पुढच्या अर्ध्या मिनिटाने परत बाहेर. मिनिटाला २ धरा, तासाला १२०, दिवसाला २,८८०. बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात ३ लाख लोड सायकलचा आकडा असतो, तो या हिशोबाने १०४ दिवसांत संपतो. काही डिस्कला ६ लाख दिलेत, तरी सात महिनेच. तुमचे ४ लाख कुठून आले ते कळलं असेल. गंमत म्हणजे एकच चॅनल रेकॉर्ड होत असेल तर रेकॉर्डिंग चालू असतानासुद्धा हे होऊ शकतं, कारण एसडी (साध्या दर्जाच्या) चॅनलचा डेटा इतका कमी असतो की डिस्कला मधे मोकळा वेळ मिळतोच.

याचा इलाज ग्रीनवर एचडीपार्मने (लिनक्समधला डिस्कची सेटिंग बदलायचा आदेश) होत नाही हे लक्षात घ्या, लोक तासन्‌तास त्याला डॅश कॅपिटल बी (-B) देत बसतात आणि डिस्क सांगते की सपोर्ट नाही. यासाठी आयडल३सीटीएल नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, आयडल३-टूल्स या पॅकेजमध्ये येतो, त्याने हा टायमर वाचता येतो, वाढवता येतो किंवा पूर्ण बंद करता येतो. कंपनीचा स्वतःचा डब्ल्यूडीआयडल३ होता तो डॉसवर बूट करून चालवावा लागायचा, लिनक्स असताना त्या भानगडीत पडू नका. रेकॉर्डरमध्ये मी टायमर सरळ बंद करतो. बदल केल्यावर नुसतं रीस्टार्ट करून उपयोग नाही, मशीन पूर्ण बंद करून डिस्कची वीज जायला हवी, तेव्हाच नवीन सेटिंग लागू होतं. मेन स्विच बंद, थोडं थांबा, परत चालू. हे न केल्यामुळे "काहीच फरक नाही" म्हणणारे खूप आहेत.

ज्यांच्याकडे दुसरी डिस्क आहे, विशेषतः लॅपटॉपमधून काढलेली २.५ इंची, त्यांच्यासाठी एपीएम, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या वीज-बचतीची सेटिंग. एचडीपार्मला डॅश कॅपिटल बी आणि पुढे १ ते २५४ आकडा. १ ते १२७ मध्ये डिस्कला मोटर बंद करायची परवानगी असते, १२८ ते २५४ मध्ये नसते, आणि २५५ दिलं की एपीएमच बंद, पण हे २५५ सगळ्या डिस्क मानत नाहीत. लॅपटॉप डिस्क बऱ्याचदा १२८ वर येते आणि सारखी पार्क होते. रेकॉर्डरमध्ये २५४ ठेवा. मोटर कधी थांबवायची ते आपण वेगळ्या टायमरने ठरवू, एपीएमच्या हातात देऊ नका, कारण एपीएमचा आतला निर्णय प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि बाहेरून कळत नाही. सीगेटच्या नवीन डिस्कवर एपीएमऐवजी ईपीसी असतं, त्यात आयडल ए, बी, सी आणि स्टँडबाय झेड अशा पायऱ्या आहेत, बी ला हेड पार्क होतात, सी ला फिरण्याचा वेग कमी होतो, झेड ला मोटर बंद. ओपनसीचेस्ट टूलने त्या एकेक करून चालू-बंद करता येतात. तिथे आयडल बी आणि सी बंद केले की झालं.

आता कोण उठवतंय ते. यात सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण खरी कमाई इथेच आहे.

पहिली गोष्ट, लिनक्स आणि टीव्हीहेडएंड स्वतः त्याच २ टीबी डिस्कवर बसवलंय का? तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तसंच वाटतंय. तसं असेल तर बाकी काहीही केलं तरी डिस्क झोपणार नाही. लॉग, ईपीजीचा (कार्यक्रमांच्या वेळापत्रकाचा) डेटाबेस, कोडीचे थंबनेल, स्वॅप, सगळं तिथेच लिहिलं जातंय. छोटा एसएसडी घ्या, १२० जीबीचा सगळ्यात स्वस्त चालेल, सिस्टीम त्यावर हलवा आणि मोठी डिस्क फक्त आणि फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवा. एवढ्या एका बदलाने बहुतेकांचा प्रश्न संपतो. एसएसडीवर पैसे खर्च करायचे नसतील तर चांगला पेनड्राइव्ह चालतो काही महिने, पण लॉग लिहून लिहून तो जातो, त्यामुळे मी तो सुचवत नाही.

दुसरी, टाइमशिफ्ट. लाइव्ह टीव्ही पॉज करता यावा म्हणून चालू चॅनल सतत डिस्कवर लिहिला जातो. अमेरिकेतले टिवोचे डबे तर ट्यून केलेल्या चॅनलचा अर्धा तास मागचा भाग कायम साठवत राहायचे, त्यामुळे त्यांची डिस्क कधी थांबायचीच नाही, आणि ते ठीकच होतं कारण ती तशी निवडलेली असायची. आपल्याकडे घरात टीव्ही सकाळपासून नुसता चालू असतो, मग टाइमशिफ्ट चालू म्हणजे डिस्क चालू. टीव्हीहेडएंडमध्ये टाइमशिफ्ट फक्त रॅममध्ये ठेवायचा पर्याय आहे, तो निवडा. एसडी चॅनल २ ते ४ मेगाबिटचा असतो, ४ मेगाबिट धरला तरी मिनिटाला ३० एमबी, म्हणजे १ जीबी रॅममध्ये अर्ध्या तासाहून जास्त मावतं. दाराची बेल वाजली, दूध उतू गेलं, एवढ्यासाठी अर्धा तास भरपूर झाला.

तिसरी, स्मार्टडी. ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात खटकते कारण डिस्कची काळजी घ्यायला बसवलेला प्रोग्रॅमच डिस्कची झोप मोडतो. तो मुळात दर ३० मिनिटांनी डिस्कची तब्येत विचारतो. तुमच्या मित्राने सांगितलेला ५ मिनिटांचा टायमर लावला आणि स्मार्टडी तसाच ठेवला, तर डिस्क ५ मिनिटांत झोपणार, अर्ध्या तासाने उठणार, दिवसाला ४८ वेळा. वर्षाला १७,५२० होतात. जुन्या डिस्कच्या कागदावर ५०,००० स्टार्ट-स्टॉप लिहिलेले असायचे, ते तीन वर्षांच्या आत संपले. स्मार्टडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये डिस्कच्या ओळीला डॅश एन स्टँडबाय जोडा, म्हणजे डिस्क झोपलेली असेल तर तो विचारायचं टाळतो. आणि उलटाही प्रकार आहे, काही डिस्क स्मार्टच्या चौकशीला काम समजतात आणि झोपेचा टायमर परत शून्यापासून मोजतात, मग तासाभराचा टायमर कधी पूर्णच होत नाही. असं दिसलं तर स्मार्टडीची चौकशी दिवसातून दोनदाच होईल असं अंतर वाढवा, घरच्या रेकॉर्डरला तेवढं पुरतं. तापमान दाखवणारी छोटी विजेट, डॅशबोर्ड, यांनाही हेच लागू.

बाकी संशयित पटकन सांगतो: डीएलएनए सर्व्हरचं (घरातल्या इतर टीव्ही-फोनला व्हिडिओ देणारा) रीस्कॅन, कोडीची लायब्ररी अपडेट, फाइल शोधायच्या लोकेट आदेशाचं रात्री चालणारं अपडेटडीबी, सांबा शेअर (नेटवर्कवरचं फोल्डर) ज्याला घरातला विंडोज लॅपटॉप सारखा खुणावत असतो. रेकॉर्डिंगचं फोल्डर यांच्या यादीतून वगळा. डिस्क माउंट करताना (सिस्टीमला जोडताना) नोएटाइम हा पर्याय द्या, म्हणजे नुसती फाइल वाचली म्हणून वेळेची नोंद लिहायला डिस्क उठणार नाही. कोण फाइलला हात लावतंय ते थेट बघायचं असेल तर फॅट्रेस चालवून ठेवा, प्रोग्रॅमचं नाव आणि फाइल दोन्ही दाखवतो. फक्त त्याचा आउटपुट त्याच डिस्कवर सेव्ह करू नका, नाहीतर तोच उठवत राहील.

एवढं झालं की मग टायमर. एचडीपार्मला डॅश कॅपिटल एस आणि आकडा. इथे लोक हमखास फसतात कारण हा आकडा मिनिटं नाहीये. १ ते २४० पर्यंत प्रत्येक एककाला ५ सेकंद, म्हणजे ६० लिहिलं तर ६० मिनिटं नाही, ५ मिनिटं. २४० म्हणजे २० मिनिटं. २४१ पासून हिशोब बदलतो, तिथून प्रत्येक पायरी अर्ध्या तासाची, २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे १ तास, २४४ म्हणजे २ तास, असं करत २५१ ला साडेपाच तास. ० म्हणजे टायमर बंद. तुमच्या मित्राने "६० टाक, एक तास होईल" असं तर सांगितलं नव्हतं ना, ते एकदा तपासा.

किती ठेवायचा ते तुमच्या घराच्या सवयीवर आहे. संध्याकाळच्या बातम्या रेकॉर्ड होतात, मग आठ-साडेआठला कोणी काहीतरी बघतं, मग दहाला अजून एक रेकॉर्डिंग. या कामांच्या मधलं नेहमीचं सगळ्यात मोठं अंतर बघा आणि टायमर त्याच्यापेक्षा मोठा ठेवा, म्हणजे संध्याकाळी सहा-सात ते रात्री अकरा-बारा डिस्क सलग फिरत राहील आणि मग एकदाच झोपेल. माझा कल २ तासांकडे, म्हणजे २४४. दिवसाला तीन-चार उठणी, वर्षाला हजार-दीड हजार. हा आकडा कुठल्याही डिस्कला जड नाही. आणि घरात दिवसभर कोणी ना कोणी रेकॉर्डिंग बघत असेल, आजी-आजोबा दुपारी, मुलं शाळेतून आल्यावर, तर ० ठेवा आणि फिरू द्या, तिथे झोपवण्यात काही अर्थ नाही.

विजेचं म्हणाल तर हिशोबच मांडतो. ३.५ इंची डिस्क फिरत असताना साधारण ४ ते ५ वॅट घेते, झोपल्यावर १ वॅटपेक्षा कमी. दिवसाला १६ तास झोपवली आणि ४ वॅट वाचले तर वर्षाला साधारण २३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर २३० रुपये. एवढ्यासाठी ५ मिनिटांचा टायमर लावून काही हजारांची डिस्क लवकर झिजवायची हा उलटा व्यवहार आहे. त्याउलट तुमचा जुना डेस्कटॉप नुसता चालू राहायला ३० वॅट घेत असेल, तर तो वर्षाला २६० युनिटच्या वर जातो, अडीच हजार रुपये. वीज वाचवायची खरी जागा ती. दिवसाला एक-दोनच रेकॉर्डिंग असतील तर अख्खं मशीन बंद करून आरटीसी (मदरबोर्डवरच्या घड्याळाच्या) अलार्मने रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी उठवता येतं, लिनक्समध्ये आरटीसीवेक आहे त्यासाठी, बहुतेक मदरबोर्ड हे नीट करतात. डिस्कलाही आपोआप झोप मिळते. फक्त ईपीजी गोळा व्हायला रोज थोडा वेळ मशीन चालू लागतं तेवढं बघा.

मग झोपवायचंच कशाला असं कोणी विचारेल. दोन कारणं मला पटतात, आवाज आणि उष्णता. रात्री हॉलमध्ये कोणी झोपत असेल तर डिस्कची गुणगुण खरंच त्रास देते. आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे जाते, त्यात रेकॉर्डर बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात, काचेचं दार लावलेलं, मग डिस्क सहज ५५ च्या वर जाते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते. गूगलने २००७ साली त्यांच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मधल्या तापमानाचा आणि डिस्क मरण्याचा फारसा संबंध दिसला नव्हता, त्यामुळे ३८ चे ४२ झाले म्हणून घाबरायचं कारण नाही, पण पन्नाशीच्या पुढे रोज राहू देऊ नका. त्यासाठी झोपेच्या टायमरपेक्षा कप्प्याचं मागचं फळकूट काढणं आणि एक मोठा, हळू फिरणारा पंखा लावणं जास्त कामाचं. आवाजासाठी पूर्वी एएएम सेटिंग असायचं, १२८ म्हणजे शांत, २५४ म्हणजे जलद, पण नवीन डिस्कवर ते राहिलेलं नाही. डिस्क रबरी वॉशरवर बसवा, अर्धा आवाज कॅबिनेटच्या पत्र्याचा असतो.

आता सुरुवात कापली जाण्याचं. डिस्क उठायला १०-१२ सेकंद लागतात म्हणून तेवढं कापलं जातं असं सगळे मानतात, पण हिशोब करून बघा. एचडी चॅनल ८ मेगाबिटचा धरला तरी सेकंदाला १ एमबी, १२ सेकंदांना १२ एमबी. एवढं तर रॅममध्ये कुठेही मावतं. अडकतं ते दुसरीकडे, फाइल उघडायला फोल्डरची माहिती डिस्कवरून वाचावी लागते आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबून राहतो, मग कार्डाचा बफर भरून वाहू शकतो. म्हणून पाच-दहा सेकंदांचं नुकसान डिस्कमुळे होऊ शकतं. पण तुमचं अर्धं-एक मिनिट जात असेल तर ते डिस्कचं काम नाही. मशीनचं घड्याळ मागे पडलंय का बघा, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू करा. चॅनल जाहीर वेळेच्या आधीच कार्यक्रम सुरू करतो का बघा. पावसात सिग्नल लॉक व्हायला वेळ लागतोय का बघा, जून-जुलैत हे फार होतं. या सगळ्यावर एकच उपाय पुरतो, टीव्हीहेडएंडच्या डीव्हीआर प्रोफाइलमध्ये प्री-रेकॉर्डिंग पॅडिंग (कार्यक्रमाआधीचा जादा वेळ) ३ मिनिटं आणि पोस्ट (नंतरचा) ५ मिनिटं ठेवा. डिस्क उठायची ती पॅडिंगमध्येच उठते, कार्यक्रम सुरू होईपर्यंत ती पूर्ण जागी असते. क्रिकेट असेल तर पोस्ट पॅडिंग तासाभराचं, सुपर ओव्हरचा भरवसा नाही.

बघताना मात्र ते दहा सेकंद जाणवतात. रिमोटवर प्ले दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, परत दाबलं, मग डिस्क उठली आणि कोडीने सगळी बटणं एकदम खाल्ली. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पहिल्यांदा दाबल्यावर थांबायचं. किंवा संध्याकाळी घरचे टीव्हीसमोर बसायच्या थोडं आधी क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) डिस्कवर एक छोटी फाइल लिहून सिंक करा, म्हणजे ती आधीच उठून बसते. आमच्या ओळखीत ज्येष्ठ मंडळी एकटी राहतात अशा घरी मी हे हमखास करतो, त्यांना टीव्ही बिघडला असं वाटून जीव घाबरा होतो, ते व्हायला नको.

एचडीपार्मची सेटिंग मशीन बंद झालं की बहुतेक डिस्क विसरतात. डेबियन-उबंटूवर ईटीसी फोल्डरमधल्या एचडीपार्म डॉट कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवा, आणि डिस्कला तिच्या सिरीयल नंबरवाल्या आयडीने ओळख द्या, एसडीए-एसडीबीने नको, कारण पेनड्राइव्ह लावून बूट केलं की अक्षरं बदलतात आणि टायमर भलत्याच डिस्कला लागतो. डिस्क झोपलीय की जागी ते बघायला डॅश कॅपिटल सी, हे विचारल्याने डिस्क उठत नाही. लगेच झोपवून बघायचं तर छोटा वाय. कॅपिटल वाय देऊ नका, त्याने डिस्क अशा स्लीपमध्ये जाते की परत रीसेट केल्याशिवाय उत्तर देत नाही.

यूएसबी केसमधली डिस्क असेल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. मधली ब्रिज चिप एचडीपार्मचे आदेश गिळून टाकते किंवा तिचा स्वतःचा टायमर असतो. तिथे एचडी-आयडल वापरा, तो डिस्कवरची हालचाल बाहेरून मोजतो आणि वेळ झाली की थांबायचा आदेश पाठवतो. रास्पबेरी पायवर रेकॉर्डर असेल तर अजून एक, पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात आणि २.५ इंची डिस्क उठतानाच १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. रेकॉर्डिंग सुरू होताना डिस्क गायब होते अशी तक्रार असेल तर सेटिंग बदलत बसू नका, वेगळ्या अडॅप्टरवाला पॉवर्ड हब घ्या.

विजेचा अजून एक भाग, लाइट जाण्याचा. लाइट अचानक गेली की डिस्क हेड घाईने मागे ओढते, ते स्मार्टमध्ये १९२ ला मोजलं जातं, आणि हे ओढणं नेहमीच्या पार्किंगपेक्षा कठीण असतं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा, इको मोडवर बदली व्हायला वेळ जास्त लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. लाइट येताना दोन-तीनदा ये-जा होते तो काळ सगळ्यात वाईट, मोटर उठतेय तेवढ्यात परत वीज जाते. छोटा यूपीएस लावा, डिस्कच्या आयुष्यासाठी तो टायमरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त करतो.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे सीसीटीव्हीचा डीव्हीआर आहे त्यांनी हे टायमर तिथे लावू नका. बऱ्याच डीव्हीआरच्या मेन्यूत एचडीडी स्लीपिंग असा पर्याय असतो, तो बंद ठेवा. मोशनवर रेकॉर्डिंग असलं तरी. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याजवळ किडे येतात, त्यामागे पाल येते, कुत्रं जातं, पाऊस पडतो, प्रत्येक वेळी डिस्क उठणार. आणि नेमकी चोराची पहिली दहा सेकंदं जायला नकोत. तिथे सर्व्हेलन्सची डिस्क लागते, डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक, ती २४ तास चालायलाच केलेली असते. टीव्ही रेकॉर्डरलाही ती छान चालते. पण त्यावर लग्नाचे व्हिडिओ आणि फोटोंची एकमेव कॉपी ठेवू नका, व्हिडिओ अडखळू नये म्हणून या डिस्क खराब जागा वाचायचा फार प्रयत्न करत नाहीत अशा पद्धतीने चालवल्या जातात. नवीन घेताना ती एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेले) नाही, सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे) आहे हे विचारून घ्या, दोन-तीन चॅनल एकदम रेकॉर्ड करताना एसएमआर डिस्क मधेच अडखळू शकते. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलमध्ये न सांगता एसएमआर दिल्याचं उघड झालं होतं, तेव्हापासून मी मॉडेल नंबर बघितल्याशिवाय डिस्क घेत नाही.

राहता राहिले तुमचे ४ लाख. ३ लाखांचा आकडा ओलांडला म्हणजे डिस्क उद्या मरेल असं नाही, त्याच्या दुप्पट-तिप्पट चाललेल्या ग्रीन डिस्क मी पाहिल्यात. स्मार्टमध्ये ५, १९७, १९८ (हे तीन खराब जागांचे) आणि १० हे चार नंबर बघा. चारही शून्य असतील तर हेड पार्किंगचा टायमर बंद करून, सिस्टीम एसएसडीवर हलवून डिस्क निवांत वापरा, आठवड्याने १९३ आणि ४ परत बघा, १९३ जवळपास जागेवर थांबलेला असायला हवा. १९७ किंवा १९८ शून्य नसेल, किंवा १० वाढत असेल म्हणजे मोटरला उठायला दुसऱ्यांदा प्रयत्न करावा लागतोय, तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. झोपेचा टायमर ० करा म्हणजे ती थांबणारच नाही, कारण अशी डिस्क एकदा थांबली की परत उठेलच याची खात्री नसते, आणि ती फिरतेय तोवर जपून ठेवायचं सगळं रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. ते चार आकडे इथे टाका, मी बघून सांगतो.